कच्ची आवृत्ती आणि हरवलेला मायनस

सोमवार, २ मार्च

सकाळी साडेआठच्या आत आठही संगणकांवर नवी कच्ची आवृत्ती चढवून मोकळा झालो. कोणालाही पत्ता नाही.

ही वही उद्या कोणाच्या हाती पडलीच तर त्याला अर्थ लागावा म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, चष्म्याच्या लेन्सचा कारखाना आहे. दुकानांकडून गिऱ्हाइकांचे नंबर येतात, आम्ही काच घासून त्या नंबरची लेन्स बनवतो आणि परत पाठवतो. घासणीची तीन यंत्रं, त्यांना तीन संगणक. बाकीचे पाच ऑर्डरी, पॅकिंग, पत्रव्यवहार वगैरेंसाठी. हे सगळे माझ्या ताब्यात. त्यांच्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम जगभरातली हौशी माणसं मिळून बनवतात आणि फुकट देतात. दर सहा महिन्यांनी तिची पक्की आवृत्ती येते. मधल्या काळात दर आठवड्याला कच्ची येते आणि तिच्यात काय बिघडलेलं असेल ते देवाला ठाऊक. शहाणी माणसं पक्कीची वाट पाहतात.

मी पाहत नाही. सगळेच 'आधी शेजाऱ्याला चाखू दे' म्हणत बसले तर पक्कीतही खडे राहणारच. रोजच्या कामाच्या यंत्रांवर कोणीतरी ती दामटली पाहिजे. शिवाय दोष सापडला की प्रकल्पाच्या मंडळींना कळवता येतो आणि ती मंडळी आभार मानतात. कारखान्यात माझे आभार शेवटचे कधी मानले गेले ते आठवत नाही.

ताईला हे सांगितलेलं नाही. झाकली मूठ. दोन वर्षं दर सोमवारी हा कार्यक्रम चालू आहे आणि कोणाला काहीही कळत नाही, याचं कधीकधी वाईटसुद्धा वाटतं. घरच्या लॅपटॉपवर मात्र पक्कीच. बायकोचा तसा हुकूम आहे.

एक गोष्ट विचित्र. सोमवारी दुपारपर्यंत घासणी बंदच असते. सगळे पॅकिंग करतात, कपाटं आवरतात, उगाच काचा मोजतात. आळस, दुसरं काय! तपासणीच्या काकू जाताजाता विचारून गेल्या, "काय रे, आजचं फार कच्चं नाही ना?"

मी म्हटलं, "लेन्सवरचा लेप वाळायला वेळ लागतोच, काकू."

त्या हसल्या. का ते कळलं नाही.

मंगळवार, ३ मार्च

काकूंची दाढ दुखतेय, दोन दिवस रजा. बावीस वर्षं इथली प्रत्येक लेन्स त्यांच्या हातून जाते. नंबर मोजायच्या यंत्राखाली धरायची, आकडा कागदाशी ताडायचा, जुळला की टिक. आज ताईने मला तिथे बसवलं, उद्या ती स्वतः बसणार आहे. एका हातात लेन्स, दुसऱ्या हातात मोबाइलवर प्रकल्पाची चर्चा, असं करत बासष्ट लेन्स पास केल्या आणि चारच्या आत उठलो. काकूंना याला सहा वाजतात! उद्याचं काम ताईने नंतर पुढे ढकललं. म्हणाली, काकू आल्यावरच बघू.

गुरुवार, ५ मार्च

काकू सुजलेल्या गालाने आल्या त्या भांडायलाच. सकाळी अकराला माझ्या टेबलावर चार लेन्स मांडल्या.

"हे काय आहे?"

"लेन्स."

"कागदावर मायनस दोन आहे. ही प्लस दोन निघालीय. बाकीच्या तीनही अशाच."

"म्हणजे आकडा तर दोनच ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाण्याला वाळू म्हटलं. "अरे, मायनस लांबचं न दिसणाऱ्याला. मध्ये पातळ, कडेला जाड. प्लस त्याच्या बरोबर उलट. अंगठा फिरवला तरी कळतं. एकाचं औषध दुसऱ्याच्या घशात ओतल्यासारखं आहे हे. आणि चारही दोन नंबरच्या यंत्रावरच्या. ऐक, मला वाटतं..."

मी शांतपणे समजावलं की मोजायची यंत्रं जुनी झाली की असं होतं, तुमचं एकदा तपासून घ्यायला हवं. काकू चारही लेन्स उचलून निघून गेल्या.

दाढदुखीने माणूस चिडचिडा होतो.

शुक्रवार, ६ मार्च

आणखी सात. सगळ्या दोन नंबरवरच्या, सगळ्या मायनसच्या प्लस झालेल्या. प्लसच्या लेन्सना मात्र धक्काही नाही. मध्येच पाच-सहा बरोबर येतात, मग एक उलटी.

काकूंचं मोजायचं यंत्र तपासलं. ठणठणीत आहे. त्यांना हे सांगायचं राहिलं.

मग संगणकाची नोंद उघडली: मायनस पाठवलाय. घासणी यंत्राची नोंद उघडली: मायनस आलेलाच नाही. हा म्हणतो दिला, ते म्हणतं मिळाला नाही, आणि दोघांमध्ये हातभर केबल! केबल बदलली. तीन लेन्स बरोबर, चौथी उलटी.

म्हणजे कच्ची आवृत्ती. गेल्या आठवड्यातल्या कच्चीवर असं एकदाही झालं नव्हतं.

केबलवरून अक्षरं पाठवणारा भाग प्रकल्पात ज्याच्याकडे आहे त्याला मी तारवाला म्हणतो. एक तर तो तारांचं बघतो, आणि त्याची उत्तरंही तारेसारखी असतात. त्याला पानभर लिहिलं. उत्तर आलं: "माझ्याकडे होत नाही. पुरावा?"

पुढच्या शुक्रवारी एका शाळेच्या दोनशे पोरांचे चष्मे द्यायचे आहेत. काकूंनी कालपासूनच्या सगळ्या लेन्स अडवल्यात. मंगळवारच्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत, पण त्या मी पाहिल्यात. म्हणजे ठीकच असतील.

शनिवार, ७ मार्च

ठीक नव्हत्या.

सकाळी एक बसचालक आला, दुकानदाराने सरळ आमच्याकडे पाठवलेला. माणूस धिप्पाड, पण आवाज मऊ. चष्मा रुमालात गुंडाळून आणला होता. तो त्याने नाकावर चढवला आणि म्हणाला, "साहेब, डाव्या डोळ्याने तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटेसुद्धा दिसतात. उजव्याने तुम्हीच दिसत नाही."

"कुठे... म्हणजे बस चालवताना?"

"छे हो. दुकानातच घातला. बाहेर पडायला निघालो आणि दार समजून आरशात शिरत होतो."

काकूंनी लेन्सवरून अंगठा फिरवला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. हवी होती मायनस साडेतीन, निघाली प्लस साडेतीन. तारीख मंगळवारची. टिक माझी.

मी 'साडेतीन' वाचलं होतं. त्याच्या आधीची आडवी रेघ वाचलीच नव्हती. केबलने मायनस खाल्ला आणि मीही खाल्ला.

चालक म्हणाला, "तोवर जुना लावतो. तडा गेलाय, पण दिसतं. मागे चाळीस माणसं असतात, त्यामुळे जरा लवकर बघा." तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर ताईच्या खोलीत गेलो.

"ताई, एक सांगायचंय."

"दार लाव."

सगळं सांगितलं. दोन वर्षं, दर सोमवारी, आठही संगणक. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "झालं?"

"तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"सोमवारी सगळे दुपारपर्यंत पॅकिंग का करतात असं तुला वाटतं?"

"आळस."

"आळस!" ती खुर्चीत मागे रेलली. "अरे, पहिल्या महिन्यात तीन सोमवार यंत्रं आडवी झाली. तेव्हापासून सोमवारची घासणी मी शनिवारीच उरकून घेते. पॅकिंगवाला सोमवारच्या ऑर्डरी कागदावर उतरवून ठेवतो. काकू दर आठवड्याला तुला विचारतात, आजचं कितपत कच्चं आहे म्हणून, आणि तू त्यांना लेप वाळायच्या गोष्टी सांगतोस!"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू खूश होतास. दोष सापडला की दिवसभर शीळ घालत फिरायचास. आणि त्या दोन वर्षांत कारखान्याचं नुकसान काही झालं नाही. म्हटलं चालू दे. ती माझी चूक." मग तिचा आवाज बदलला. "पण आज मला त्या आवृत्तीचा राग आलेला नाही. तू न पाहता टिक केलीस, त्याचा आलाय. यंत्र चुकतं म्हणून तर तिथे माणूस बसवतो ना आपण?"

लहानपणी खोडी काढली की ती मला पाठीत धपाटा घालायची. तो परवडला असता.

त्यानंतर दोघांनी मिळून एकूण एक दुकानाला फोन केले. मंगळवारच्या सगळ्या लेन्स परत मागवल्या. पाच उलट्या निघाल्या. चार पाकिटातच होत्या. नाकापर्यंत पोचलेली तेवढी एकच.

रविवार, ८ मार्च

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ताईंनी हाकललं नाही?"

"नाही."

"मी हाकललं असतं." मग थोड्या वेळाने, "उद्या डबा मोठा देते. जेवायला यायला तुला सवड मिळणार नाही."

सोमवार, ९ मार्च

सात संगणकांवर पक्की आवृत्ती चढवली. एक आणि तीन नंबरची यंत्रं सकाळी नऊलाच सुरू झाली. सोमवारी घासणीचा आवाज ऐकून पॅकिंगवाला दोनदा दारात येऊन बघून गेला.

आठवा, म्हणजे दोन नंबरच्या यंत्राचा संगणक, मी साफ करायला घेतला तर ताईने अडवलं. "तो राहू दे कच्चीवरच. त्यावर एकही खरी लेन्स निघणार नाही. पण दोष शोधून काढ."

"शाळेचं काम दोनच यंत्रांवर?"

"ते मी बघते. हा दोष तसाच पक्कीत गेला तर? चष्म्याचे कारखाने जगात काय आपला एकच आहे?"

दोन वर्षं मी मनातल्या मनात हेच भाषण करत होतो. तिने ते माझ्यापेक्षा कमी शब्दांत केलं.

तारवाल्याची तार: "वीस तारखेला पक्कीची दारं बंद. नंतर बदल नाही."

मंगळवार, १० मार्च

प्रयोग शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून दोन नंबरभोवतीचं सगळं हलवलं. त्याच संगणकाला लेबलं छापायचा प्रिंटर जोडलेला असतो, तोही काढून पॅकिंगच्या खोलीत पाठवला. मग टाकाऊ काचांवर एकामागून एक मायनस दोनची लेन्स काढायला लागलो. काकू पलीकडच्या खोलीत शाळेचं काम बघता बघता माझ्याही मोजून देतात.

तेहतीस लेन्स. तेहतीसही बरोबर! दोष पाहुण्यांसमोर गुणी होणाऱ्या पोरासारखा वागतोय.

दुपारी काकू दारात येऊन म्हणाल्या, "आज तुझ्याकडे फार शांत आहे रे. कर्रकर्र नाही काही."

म्हटलं, "काकू, शांतताच हवीय मला. डोकं फिरायची वेळ आलीय."

"बरं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तारवाल्याला कळवलं की दोष बहुधा आपोआप गेला. उत्तर: "आपोआप येत नाहीत. आपोआप जात नाहीत."

बुधवार, ११ मार्च

सापडला. सापडला म्हणजे काय, तो सहा दिवस माझ्या दारात उभा होता आणि मी त्याला ओलांडून जात होतो.

साडेअकराच्या सुमारास पॅकिंगवाला काखेत प्रिंटर मारून आला. "दादा, तिकडे केबल पुरत नाही. मी इथेच लावतो. शाळेची लेबलं खोळंबलीत."

मी कपाळावर आठ्या घातल्या, पण शाळेचं काम होतं. त्याने प्रिंटर जोडला, कर्रकर्र लेबलं सुटायला लागली. माझी चौतिसावी लेन्स नुकतीच यंत्रावर चढली होती. पलीकडच्या खोलीतून, लेन्स न बघताच, काकू ओरडल्या, "ही उलटी निघणार!"

लेन्स निघाली. आता मलाही अंगठ्याने कळतं. मध्ये जाड.

मी धावत त्यांच्याकडे गेलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"कर्रकर्र वाजलं. ते वाजत असताना जिचा नंबर जातो ती उलटी निघते. गुरुवारी चार वेळा वाजलं, चार उलट्या."

"मग गुरुवारीच का नाही सांगितलंत?"

"सांगतच होते. तू मला माझं यंत्र कसं म्हातारं झालंय ते समजावत होतास."

पॅकिंगवाला खाली बघून लेबलं मोजायला लागला. चांगला माणूस आहे.

काकूंकडे वही निघाली. प्रत्येक उलट्या लेन्सपुढे वेळ लिहिलेली. लेबलांवरही वेळ छापलेली असते. दोन्ही समोरासमोर ठेवलं आणि मिनिटाला मिनिट जुळलं. पुढचं मग सरळ होतं. संगणक एकाच वेळी प्रिंटरला आणि घासणी यंत्राला मजकूर पाठवायला लागला की यंत्राच्या ओळीतलं सोळावं अक्षर गळतं. मी आमची ओळ बोटाने मोजली. सोळावं अक्षर म्हणजे नंबराचं चिन्ह. प्लस गळला तरी यंत्र प्लसच समजतं, म्हणून ते कधी कळलं नाही. एखादा आकडा गळला असता तर यंत्र अडून बसलं असतं. मायनस गळला, तर ते बिनतक्रार उलटी लेन्स काढून देतं.

चारच्या सुमारास सगळं लिहून पाठवलं, काकूंच्या वहीच्या पानाच्या फोटोसकट. तारवाल्याला अक्षर लागणार नाही, पण आकडे सगळीकडे सारखेच.

काकूंना म्हटलं, "तुमचं यंत्र ठणठणीत आहे. शुक्रवारीच तपासलं होतं. सांगायचं राहिलं."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तू कधी सांगतोस ते बघत होते."

गुरुवार, १२ मार्च

सकाळी तार: "प्रिंटर लावून बघितलं. माझ्याकडेही झालं. चूक माझी, गेल्या पंधरवड्यातली. दुरुस्ती सोबत. तपासा."

दुरुस्ती चढवली. पॅकिंगवाला दोन तास सलग लेबलं छापत होता. शाळेची संपल्यावर त्याने कोऱ्या कागदावर सगळ्यांसाठी वेगवेगळी छापली. माझ्या खुर्चीला 'सावध' असं चिकटवलं. तेवढ्या वेळात मी साठ लेन्स काढल्या आणि काकूंनी प्रत्येक मोजून मोठ्याने सांगितली, आधी चिन्ह, मग आकडा. "मायनस, दोन. मायनस, दोन." साठही मायनस. शेवटच्या दहा तर ताई स्वतः उभी राहून ऐकत होती.

कळवलं. तारवाला: "धन्यवाद. पक्कीत जाईल. शोधला कोणी? नोंदीत लिहितो."

मी माझं नाव टाइप केलं. खरं तेच लिहायचं तर ते बराच वेळ पडद्यावर ठेवून बघत बसलो. छान दिसत होतं. मग खोडलं. काकूंना विचारून त्यांचं नाव टाकावं म्हणून उठलो, तर त्या घरी गेलेल्या. शेवटी लिहिलं, 'चष्म्याच्या कारखान्यातला तपासणी विभाग'.

शनिवार, १४ मार्च

शाळेचे दोनशे चष्मे काल दुपारीच गेले. ताईने दोन दिवस तीन नंबरवर स्वतः उभं राहून ते वेळेत बसवले. मला बोलली नाही, मला पॅकिंगवाल्याने सांगितलं.

बसचालकाची लेन्सही काल झाली. काकूंनी तपासली, मग मी तपासली, मग पुन्हा काकूंनी. दुकानात फ्रेममध्ये बसवून घेतली आणि आज मी स्वतः आगारात नेऊन दिली. त्याने चष्मा चढवला, आधी डावा डोळा झाकला, मग उजवा, आणि आवाराच्या पार टोकाला उभ्या असलेल्या गाडीचा नंबर घडाघडा वाचून दाखवला.

"आला की तुमचा मायनस," तो म्हणाला. "कुठे सोडू तुम्हाला?"

त्याच्या मागच्याच बाकावर बसून घरी आलो. बस भरलेली होती. प्रत्येक थांब्याला माणसं चढत होती, आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसत होती, पुढे कोण बसलंय हे कोणी बघतही नव्हतं. मी पूर्ण वाटभर रस्ता बघत होतो.

सोमवार, १६ मार्च

ताईने निकाल दिला. दोन नंबर कायम कच्चीवर, बाकी सगळे पक्कीवर. दोन नंबरवर खरी लेन्स करायची तर आदल्या दिवशी तिला विचारायचं, आणि काकूंनी 'हो' म्हटल्याशिवाय ती बाहेर जायची नाही. प्रिंटर तिथेच राहणार.

"आणि लपवाछपवी नाही," ती म्हणाली. "काय चढवलंस ते सकाळी सगळ्यांसमोर सांगायचं."

सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. पॅकिंगवाल्याने दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही चांगले होते. एवढी वर्षं आपण कोणाशीच का बोललो नाही, असं वाटून गेलं.

बुधवार, १ एप्रिल

पक्की आवृत्ती आज आली. तिच्यात काय काय बदललं त्याची लांबलचक यादी असते, जगभर वाचली जाते. एकशे बाराव्या ओळीवर सापडलं. छापून काकूंकडे नेलं आणि वाचून दाखवलं: एकाच वेळी दोन ठिकाणी मजकूर जात असताना सोळावं अक्षर गळत असे, ते दुरुस्त केलं. दोष शोधणारे: चष्म्याच्या कारखान्यातला तपासणी विभाग.

काकूंनी कागद हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला.

"हे सगळीकडे दिसतं?"

"जिथे जिथे ही सिस्टीम आहे तिथे सगळीकडे."

"विभाग म्हणजे मी एकटीच ना?"

"तुम्ही एकट्याच."

त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पुढची लेन्स उचलली. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"ऐक. ताईला सांग, विभागाला पाठ टेकायची खुर्ची हवीय. बावीस वर्षं स्टुलावर बसतेय."

ताईने एकही प्रश्न न विचारता फोन उचलला. खुर्ची चारला आली. मी आणि पॅकिंगवाल्याने ती वर चढवली. काकू तिच्यात बसल्या, दोनदा मागे रेलून पाहिलं, मग पुढे सरकून लेन्स यंत्राखाली धरली.

"मायनस," त्या म्हणाल्या, "सव्वा एक."